चेंबर स्थिरावेपर्यंत

“ओ दादा, तेवढा कॅन आत आणता का?”

लिफ्टपाशी उभ्या असलेल्या निळ्या स्वेटरवाल्याला मी खुशाल ऑर्डर सोडली. त्यानंही मुकाट्यानं वीस लिटरचा पाण्याचा कॅन उचलला, रेडिएशनच्या खोलीत नेऊन ठेवला आणि मग म्हणाला, “मी भारत गांगुर्डे. नागपूरहून आलोय. तुमच्या नव्या मशीनचा डोस तपासायला.”

अगं बाई! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मी साधना. नाशिकच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात फिजिसिस्ट आहे. काम चोख करते, पण थांबणं... ते काही माझ्या रक्तात नाही. चहा गाळायच्या आतच कप पुढे करणारी मी! आणि इथे तीन दिवसांत सगळं उरकायचं होतं. सोमवारी पहिल्या पेशंट, पेठच्या कुसाबाई, येणार होत्या. त्याआधी माझं आणि भारतचं मोजमाप जुळायला हवं होतं. शनिवारी चारला तो निघणार होता.

पाण्याच्या टाकीत बोटाएवढं चेंबर बुडवायचं. रेडिएशननं त्यातल्या हवेत धन आणि ऋण आयन सुटे होतात, व्होल्टेज त्यांना दोन बाजूंना ओढतं आणि मीटर ते मोजतं. पण काही आयन वाटेतच पुन्हा एकमेकांना भेटतात, आणि मोजणीतून निसटतात. ते किती, हे कळायला दोन वेगळ्या व्होल्टेजवर रीडिंग घेऊन तेवढी दुरुस्ती करायची.

“मीटरला वाटतं ते हरवले,” भारत म्हणाला. “त्यांना विचारलं तर म्हणतील, सापडलो.”

मी वहीत डोकं खुपसलं. कान मात्र गरम झाले होते.

भानगड झाली ती दुपारी. माझी दुरुस्ती तीन टक्के, त्याची एकच.

“तुमचंच चुकलंय,” मी ठसक्यात म्हणाले.

“असेल. परत घेऊ या.”

मी व्होल्टेज तीनशेवरून शंभरवर आणलं आणि लगेच बटणाकडे हात नेला.

“थांबा ना... दहा मिनिटं. व्होल्टेज बदललं की चेंबरला स्थिरावू द्यायचं.”

आधी मी एक मिनिटही थांबले नव्हते! त्यानं ओळखलं असणार. येताना वाटेत चांदवडच्या आपल्या आईकडून आणलेला द्राक्षांचा डबा फक्त माझ्याकडे सरकवला. दहा मिनिटांनी दुरुस्ती एकच टक्का आली. माझ्या आकड्यावर मशीन लावलं असतं तर कुसाबाईंना रोज दोन टक्के डोस कमी गेला असता. मी सरळ जाऊन आमच्या विभागप्रमुख सरांना सांगितलं, चूक माझी. परत आले तेव्हा डोळे भरले होते.

“हे सांगायला हिंमत लागते,” तो हळूच म्हणाला.

मग दोन दिवस मी प्रत्येक वेळी थांबले. खरं सांगू? ती दहा मिनिटं मला पुरेनात. त्याचं नागपूर, त्याची आई, माझा भांडखोरपणा, सगळं त्यातच बोलून झालं.

शनिवारी चारला पाच मिनिटं कमी असताना आमचे आकडे जुळले. त्यानं बॅग उचलली. आणि माझा धीर सुटला.

“मला तुम्ही आवडता,” मी बोलून गेले. “तुमचं काय?”

तो थबकला. बॅग खाली ठेवली, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. “दहा मिनिटं थांबाल?”

“तुम्ही काय चेंबर आहात?”

“हो... आत्ता जे बोलेन ते गडबडलेलं असेल. मला खरं बोलायचंय.”

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसले. पाच मिनिटं... सात... नाही म्हणाला तर? आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, काटा पुढे सरकूच नये. चार वाजून गेले. तो अजून तिथेच होता.

“मलाही,” तो म्हणाला. “नागपूर लांब आहे, तरीही. पण एक अट आहे.”

“कसली?”

“पहिल्या दिवशी लिफ्टपाशी मला जे ‘दादा’ म्हणालात ना... ते मागे घ्यायचं.”

“घेतलं,” मी म्हणाले, आणि यावेळी एक क्षणही थांबले नाही.