रिकाम्या गोठ्यातली गाडी

"आपली गाडी भित्तीपासून एका वितेवर थांबते. डोये झाकूनई थांबवतो," पियुषनं लाइव्ह चालू असताना कॅमेऱ्यात बघून सांगितलं.

जरा वेळानं गाडी भिंत फोडून शेजारच्या रिकाम्या गोठ्यात शिरली होती. तिचं नाक गव्हाणीत होतं, आणि लोक हसण्याचे इमोजी पाठवत होते.

आर्णीजवळच्या त्या स्टंटच्या आवारात दुपारी पियुषनं बोलावलेली भैरवी देव आली. ती यवतमाळची खासगी गुप्तहेर. मावसभाऊ साकेत तिची स्कूटर चालवायचा आणि डोकं चालवायचं काम तिच्यावर सोडायचा. ठोकलेल्या गाडीपाशी जाताच त्याला भूक लागली. पुरणपोळी भाजल्यासारखा वास येत होता. आज पोळा, म्हणजे असायचाच, असं म्हणून त्यानं विषय सोडला.

"ब्रेकले तेल लावलं हरिसिंगनं," कपाळावरचं टेंगूळ चोळत पियुष म्हणाला. "काल भांडला माह्यासंग. भित्त जवळ हाय, मरशील म्हणे. मंग म्या त्याले लाइव्हमंदीच चोर म्हटलं अन् हाकललं."

हरिसिंग म्हणजे त्याचा मिस्त्री, आणि पहिलीपासूनचा दोस्त. तो बॅग घेऊन फाटकात उभा होता.

"काल या गाडीचे चाकं काढून ठेवले अन् घरी गेलो," तो म्हणाला. "सकाळी आलोच नाही. आता पुण्याले चाललो. तुमी शोधत बसा." आणि तो फाट्याकडं चालायला लागला.

कॅमेरा पियुषच्या बहिणीचा, निकिताचा. तिनं सकाळचं शूटिंग दाखवलं. काळा गॉगल लावून पियुष चाकं चढवत होता. हात चाकाकडं, तोंड कॅमेऱ्याकडं.

"हिरो आज मिस्त्री झालता," निकिता म्हणाली. "चाकाकडं एकडावई नाही पाह्यलं."

वडील मारोतराव गव्हाणीपाशी बसले होते. नखं पिवळी.

"हळद हाय," ते म्हणाले. "सणाची."

"आणि बैल, काका?"

"जोडी इकली मागच्या साली. पोराले हे गाडी अन् मागची जीप पाह्यजे होती."

साकेतच्या बुटाला काहीतरी चिकटलं. भैरवीनं ते सोडवलं. पळसाचं चिकट पान होतं. तिनं वास घेतला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

"तेल नाही, तूप. तेल जळतं तेव्हा घाण वास येतो. इथं साकेतला भूक लागली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात, पळसाच्या पानानं. इथं बैल नाहीत, तरी काकांच्या नखांत हळद आहे. चाकं काढलेली, ब्रेकच्या चकत्या उघड्या. हरिसिंगला तो पिवळा थर लगेच दिसला असता. पण चाकं पियुषनं चढवली, काळ्या गॉगलमधून."

मारोतराव गाडीच्या टपावरून हात फिरवत राहिले.

"आता वझं हेच वाह्यते ना घराचं," ते म्हणाले. "म्हटलं, चाकापासचे खांदे दुखत असन. आज आवतण घ्या, उद्या जेवाले या, असं बैलाले म्हणतेत तसं तिलेई म्हटलं. आली बिचारी गव्हाणीत."

पियुषनं हरिसिंगला फोन लावला. उचलला नाही. परत लावला, तर बंद. "बस फाट्यावर थांबते अजून," म्हणत तो धावला आणि मागची जीप काढली.

"अरे, थांब," मारोतराव उठले. "तिलेई लावलं, चाकाच्या आऱ्यातून हात घालून. जोडी हाय ना ते."

जीप फाटकापाशी थांबली नाही. रस्ता ओलांडून समोरच्या पऱ्हाटीच्या शेतात गेली. फाट्यावरून पुण्याची बस निघून गेली.