एकास चोवीस

दुसऱ्यांचे दात घडवणे हा धाकट्याचा पोटाचा उद्योग होता आणि चिमुकल्या मोटारी घडवणे हा जिवाचा. दिवसभर तो कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत मान खाली घालून बसे. संध्याकाळी घरी आला की तसल्याच कानशी, तसलेच चिमटे घेऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसे. थोरला भाऊ त्याला म्हणायचा, "जगाचे दात करतोस, पण स्वतःचे कधी दाखवत नाहीस." त्यात खोटे काही नव्हते. हसण्या-बोलण्यात धाकट्याचा हात फार आखडता होता.

त्याच्यासारखीच दहा-पंधरा माणसे मिळून एक मंडळ झाले होते. दर रविवारी दुपारी घड्याळजींच्या दुकानावरच्या दालनात ती जमत, हिरवे कापड अंथरलेल्या टेबलावर आपापल्या गाड्या मांडत आणि एरवी फोनवर एकमेकांना फोटो पाठवत. मंडळाची धुरा एका निवृत्त मास्तरांकडे होती. पण दरारा होता तो खिळेमोज्यांचा. हे गृहस्थ कोणताही फोटो बोटांनी ताणून मोठा करत आणि कुठला खिळा कमी आहे, कुठला जास्त आहे, ते सांगत. त्यांच्या तोंडून कौतुक निघणे म्हणजे दगडाला पाझर फुटणे.

त्या वर्षी धाकट्याने वडिलांची गाडी करायला घेतली. एकास चोवीस या मापात.

खरी गाडी आकाशी रंगाची, गोल खांद्यांची, जुन्या घडणीची होती. वडील गेल्यावर ती थोरल्याकडे गेली. डोंगरापलीकडच्या गावात त्याची नोकरी होती, बायको होती, चिमणी नावाने हाक मारली जाणारी लेक होती. धाकटा गाडी चालवायला कधी शिकलाच नाही. लहानपणी मागच्या सीटवर बसून त्याने पाहिलेली वडिलांची मान, आणि तिच्यापलीकडे पळणारा रस्ता, एवढीच त्याची गाडीशी ओळख. मात्र ती ओळख इतकी सखोल होती की प्लास्टिकच्या पत्र्यातून गाडीचा आकार कापून काढताना त्याला फोटो क्वचितच पाहावा लागला.

रंगापाशी मात्र तो अडला. बाजारातला कुठलाच आकाशी त्या आकाशीला पोचेना. शेवटी आईने कपाटाच्या तळातून एक बाटली काढून दिली. ओरखडे बुजवायला वडिलांनी आणून ठेवलेला, गाडीचाच रंग. तळाशी थोडा उरला होता, आणि चिमुकल्या गाडीला तेवढा पुरला. सगळे लहान करता येते, रंग तेवढा लहान करता येत नाही, असे तो रंगवताना मनाशी म्हणाला होता. नंतर हे वाक्य त्याला पुष्कळदा आठवले.

फोटो पाठवल्यावर सर्वांत आधी उत्तर आले ते खिळेमोज्यांचे. डाव्या मडगार्डचा पोचा अप्रतिम साधला आहे, आतून ऊब देऊन दाबलात का, असे त्यांनी विचारले होते.

धाकट्याने पोचा काढला नव्हता. त्याने दिव्याखाली गाडी धरली. डाव्या मडगार्डवर मसुरीच्या दाण्याएवढा खळगा होता. रंगाला तडा न जाता पत्रा आत बसावा तसा. बोटाच्या टोकाने तो त्याला स्पष्ट जाणवला.

त्याने थोरल्याला फोन लावला आणि उगाच इकडचे तिकडचे बोलून गाडीची चौकशी केली. थोरला हसला. काल फाटकाच्या खांबाला मडगार्ड घासले होते. "तुला कुणी सांगितलं? वहिनीनं चुगली केली ना?"

धाकटा हो म्हणाला. मंडळातही तो काही बोलला नाही. नव्या कोऱ्या प्रतिकृतीवर धूळ, गंज, ओरखडे चढवून तिला वापरलेली दाखवणे ही या छंदातली अवघड कला. मंडळात तिला 'वय चढवणे' म्हणत. त्या रविवारी मास्तरांनी सगळ्यांना सांगितले की वय चढवावे तर या मुलाने. आयुष्यात पहिल्यांदा दालनभर माणसे त्याच्याकडे वळून पाहत होती. अशा वेळी हे मी केलेले नाही म्हणण्याची हिंमत लागते, आणि ती त्याच्या अंगी नव्हती.

पुढे गाडीला वय चढतच राहिले. कधी चाकांच्या वर लाल चिखलाचे शिंतोडे दिसत, कधी टपावर पाखराची पांढरी खूण. एकदा बॉनेटचा रंग फिका वाटला, तेव्हा तो आईला सहज म्हणाला, दादाकडचं सावलीचं झाड तोडलं वाटतं. आईने फोनवर विचारले, तर खरेच तोडले होते. थोरल्याला फोन करायचे नेहमीच राहून जाई. पण आता धाकट्याचे काही अडत नव्हते. सकाळी उठून तो आधी गाडी पाही. चिखल असला तर मंडळी कुठेतरी फिरून आली, धूळ असली तर घरीच आहेत. मागच्या काचेवर आतून उमटलेले तिळाएवढे धब्बे एकदा त्याने भिंगाखाली पाहिले. ते चिमणीचे हात होते. त्या दिवशी तो प्रयोगशाळेत काम करता करता हसला, आणि शेजारच्याने विचारले, काय रे, लग्न ठरलं की काय?

मग एका गुरुवारी, सकाळी पाठवलेला फोटो पाहून, खिळेमोज्यांचा निरोप आला. मंडळाच्या नावे नव्हे, एकट्या त्याच्या नावे. "पुढच्या काचेचा तडा फार खरा झाला आहे. मला बघवत नाही. शक्य असेल तर काढून टाका."

चालकाच्या तोंडासमोर काच फुटली होती. मध्ये टाचणीच्या डोक्याएवढे भोक, आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा.

धाकट्याने तत्क्षणी फोन लावला. थोरला घरीच होता, सुखरूप होता, चहा पीत होता.

"काच? काचेला काय धाड भरलीये? आरशासारखी आहे."

"नीट बघून सांग, दादा."

थोरला बाहेर जाऊन आला. ओरखडासुद्धा नव्हता. "शनिवारी येतोच आहोत आम्ही. तेव्हा तूच बघ तुझ्या डोळ्यांनी."

फोन ठेवल्यावर धाकटा कितीतरी वेळ त्या काचेकडे पाहत बसला. आजवर जे घडले ते उमटत होते. हे अजून घडायचे होते.

त्याने पुन्हा फोन केला, बसने या म्हणाला, आईची शपथ घातली. थोरल्याने ते हसण्यावारी नेले. तुला स्टीअरिंग धरता येत नाही म्हणून तुला गाडीची भीती, आणि चिमणीला तर गाडीनेच यायचे आहे, असे तो म्हणाला. वहिनीनेही फोन घेऊन समजूत घातली. सांगायचे तरी काय होते? माझ्या टेबलावर तुमची काच फुटली आहे, हे वाक्य त्याने मनात अनेक परींनी जुळवून पाहिले. कुठल्याच परीने ते शहाण्या माणसाचे होईना.

मग जे येत होते ते त्याने केले. शुक्रवारचा दिवस फुटकी काच चौकटीतून अलगद सोडवण्यात गेला. तिच्याबरोबर चौकट गेली असती तर सगळेच संपले असते. शनिवारी सकाळी त्याने पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यातून नवी काच कातरली, कडा घासल्या, बसवून पाहिली. नेमकी बसली. आता तिला लावायचा तो पांढरा गोंद, सावकाश सुकणारा. तोवर काच हलता कामा नये.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "निघालेत रे ते. वहिनीचा फोन आला होता मघाशी. घाट लागेल आता त्यांना."

धाकट्याचा हात झटपट सुकणाऱ्या गोंदाच्या नळीकडे गेला. पारदर्शक काचेला हा गोंद लावू नये, हे मंडळात आलेल्या नवख्यालाही पहिल्या दिवशी बजावले जाते. त्याची वाफ काचेवर बसून पांढरी होते, आणि बोट लागले असेल तर बोटाच्या रेषा न् रेषा उठवते. धाकट्याला हे स्वतःच्या नावासारखे पाठ होते. त्याने कडेला गोंद फिरवला, काच बसवली, आणि डाव्या कोपऱ्यावर अंगठा दाबून धरला.

अंगठा उचलला तेव्हा कोपरा दुधाळला होता. त्या दुधाळ डागात त्याच्या अंगठ्याच्या रेषा उमटल्या होत्या, आणि त्यांना तिरकी छेदणारी एक कोरी रेघ. पूर्वी पाते लागून झालेल्या जखमेचा वण.

बिघडवले, असे त्याला वाटले. पण काच अभंग होती.

दुपारच्या आत गाडी दारात उभी राहिली. तिघेही उतरले, धडधाकट. धाकटा पायरीवरच बसला. थोरला आईला सांगत होता, की घाटात एका वळणाआधी वहिनी एकाएकी किंचाळली. तिच्या समोरच्या काचेवर कुणी फुंकर घालावी तसे पांढरे धुके पसरत होते. थोरल्याने ब्रेक दाबला. गाडी थांबते न थांबते तोच वळणावरून खडीने भरलेला ट्रक भरधाव आला आणि त्याच्या मागच्या फळीतून दगड उसळत गेले, समोरच्या मोकळ्या रस्त्यावर. "चार हात पुढं असतो तर तोंडावरच आले असते."

"आणि काच?"

"ती बघ. साबण झाला, रॉकेल झालं, डाग जात नाही. कसली तरी नक्षी उठलीये, नांगरलेल्या शेतासारखी."

धाकटा गाडीजवळ गेला. डाव्या कोपऱ्यात उशीएवढा पांढरा डाग होता. त्यात बोटाएवढ्या जाडीच्या रेषा, एकीत एक वळत गेलेल्या. त्यांना तिरका छेदणारा एक कोरा पट्टा.

चिमणी टाचा उंचावून पाहत होती. "अंगठा," ती म्हणाली.

सगळे हसले. धाकट्याने उजवी मूठ मिटून खिशात घातली.

दुपारी चिमणीने टेबलावरची गाडी पाहिली आणि कुणी अडवण्याआधीच उचलली. बाहेर, रिकाम्या गाडीच्या स्प्रिंगा कुरकुरल्या; बरेचसे ओझे उतरावे तशा. धाकट्याने तिच्या हातून गाडी इतक्या जोरात काढून घेतली की पोर रडायला लागली. "अरे, खेळणंच आहे ना ते," थोरला म्हणाला. आई म्हणाली, ठेव वर फडताळात, मी उद्या धूळ झटकताना बघते.

त्या घरात तिला सुरक्षित जागा नव्हती. लहान हात, आईचे फडके, उंच फडताळ. रविवारी मंडळाचे वार्षिक प्रदर्शन होते. त्यासाठी घड्याळजींनी दालनात जाड काचेचे, कुलपाचे नवे कपाट करून घेतले होते. कपाटाच्या दाराला रबराची पट्टी होती, धुळीचा कणही आत जाऊ नये म्हणून. सकाळीच धाकटा गाडी छातीशी धरून चालत तिथे गेला. मधल्या कप्प्यात त्याने ती ठेवली. घड्याळजींनी दार लोटले, किल्ली फिरवली. गुरुवारनंतर प्रथमच धाकट्याने पोटभर श्वास घेतला.

दुपारी गर्दी झाली. घड्याळजी जेवायला घरी गेले. माणसे कपाटासमोर वाकून, डोळे बारीक करून पाहत होती. खिळेमोजे मात्र दूर खुर्चीवर बसून होते. धाकटा जवळून जाताना ते हलकेच म्हणाले, "काच बदललीत. बरं केलंत." आणि मग, त्याच्याकडे न पाहता, "पण असं कोंडू नये हो."

तेवढ्यात फोन वाजला. थोरला जेवून निघाला होता.

"धाकट्या, गाडीला काहीतरी झालंय रे."

"थांबलास का?"

"थांबायचं कशाला? चालतेय झकास. पण वारा लागत नाहीये. सगळ्या काचा खाली केल्यात, वेगात आहे, झाडं हलताना दिसतायत. तरी वाऱ्याची झुळूक नाही. आवाजसुद्धा नाही बाहेरचा. चिमणीला कोंदट वाटतंय."

धाकट्याने कपाटाकडे पाहिले. कुलूप. रबराची पट्टी. किल्ली घड्याळजींच्या खिशात. बाजूच्या टेबलावर पितळी वजन होते. त्याने ते उचलले आणि काचेपाशी नेले.

काच फुटली तर तुकडे आत पडणार होते. गाडीच्या टपावर.

त्याने वजन खाली ठेवले. मास्तरांना ओरडून घड्याळजींना बोलवायला सांगितले. आपला आवाज इतका मोठा आहे, हे त्याला ठाऊक नव्हते.

"दादा, गाडी बाजूला घे. उतरा सगळे."

"दार उघडत नाहीये," थोरला म्हणाला. आता तो हसत नव्हता.

मागून चिमणीचा आवाज आला, झोपाळू, तक्रारीचा. "आई, ती माणसं वाकून का बघतायत?"

कपाटासमोर एक बाई उभी होती. आकाशी गाडी बरोबरच्या माणसाला दाखवायला तिने हात उंचावला, आणि अंगठीने काचेवर टकटक केले.

फोनमधूनही तोच आवाज आला. फक्त फार मोठा, आणि फार वरून.