जोडाशेजारची मऊ रेघ

त्या रविवारी भरदुपारी मी एकटाच चाचणीच्या खोलीत गेलो, सात पट्ट्या तोडायला. कारखान्याला सुट्टी होती. सोमवारी चौकशी, आणि तुटलेल्या पट्ट्या टेबलावर हव्यात असा हुकूम. काम साधं. पोलादाची पट्टी यंत्राच्या दोन जबड्यांत धरायची, ओढायची, तुटेल तो आकडा लिहायचा. अशा हजारो तोडल्या असतील मी.

चौकशी एका मरणाची होती. लेझरवर पत्रे जोडणारा ऑपरेटर चाचणीच्या गाडीत बसला आणि सीटचा सांगाडा फाटला. सांगाडा त्यानेच जोडलेला, आणि या पट्ट्या त्याच मालातल्या.

महिनाभर आधी तोच माझ्याकडे तुटकी पट्टी घेऊन आला होता.

"काका, जोड तुटत नाही. शेजार तुटतोय."

"म्हणजे?"

"या पोलादात मऊ आणि कडक दाणा एकत्र असतो, म्हणून ते लवतं आणि टिकतंही. लेझरचा जोड मूळ पत्र्याहून कडक होतो. पण शेजारी केसाएवढ्या रेघेत कडक दाणा उष्णतेने मऊ पडतो. ओढ बसली की तिथे जातं."

"म्हणजे लग्न टिकलं आणि शेजाऱ्याचं घर मोडलं."

तो खूप हसला. मी फोरमनला सांगितलं.

फोरमन म्हणजे माझ्या बायकोचा सख्खा भाऊ. मीच त्याला इथे चिकटवला. मला आकडे कळतात, सही येते. छापील मजकूर वाचता येत नाही. कारखान्यात हे त्याला एकट्याला ठाऊक. त्याने कागद आणला. "दाजी, माल थांबवायचा हुकूम. इथे सही." बोट ठेवलं तिथे मी सही केली. कागद माल पास केल्याचा होता. ऑपरेटरला त्याने सांगितलं, सांगाडा बदललेल्या पत्र्याचा आहे, बस बिनधास्त. तोही विश्वासाने बसला.

पहिली पट्टी लावली. खोलीत पत्रे जोडताना येतो तसा जस्त जळल्याचा वास आला. लेझर तर अपघातापासून तीन आठवडे बंद होतं. काटा चढत गेला, आणि कानामागे ओळखीच्या आवाजात कोणीतरी हलकेच म्हणालं, "अजून थोडं..."

पट्टी तुटली. सतराशे चाळीस किलो. जोडाच्या शेजारी.

मी वळून पाहिलं नाही. सातही पट्ट्या तोडल्या. सातही वेळा तो आवाज, सातही वेळा तोच आकडा. मग मेन स्विच पाडला, जबडे पुसले.

दारात मेहुणा उभा होता.

"दाजी, पट्ट्या मला द्या."

"कशाला?"

"ताईचा विचार करा. माझी नोकरी जाईल."

"आणि माझं नाव?"

"तुमचं काय, निवृत्तच व्हायचंय. म्हणा, सही केली तेव्हा चष्मा घरी राहिला होता."

मी उत्तर देणार तोच मागे लोखंड कण्हलं. यंत्राचे जबडे सावकाश एकमेकांपासून लांब जात होते. मध्ये काही नव्हतं. काटा मात्र चढत होता. शंभर... दोनशे...

"दाजी... बंद करा ना ते."

"बंदच आहे."

त्याने पाडलेल्या स्विचकडे पाहिलं. रिकाम्या जबड्यांमधून, घाई नसलेल्या माणसाचा आवाज आला, "अजून थोडं..."

मेहुणा पळाला. दार आपटलेलंही त्याला कळलं नसेल.

सोमवारी तो चौकशीत धुतल्या तांदळासारखा उभा राहिला. "सही दाजींची आहे, साहेब." सही माझीच होती. मला वाचता येत नाही, एवढं एक वाक्य बोललो असतो तर सुटलो असतो. पन्नास माणसांसमोर नाही बोललो. पट्ट्यांनी माल थांबवला. मला काढलं. तो राहिला.

माझ्या जागी आलेला माणूस भला आहे. रोज संध्याकाळी फोन करतो. "काका, जबडे रिकामे, वीज तोडलेली, आणि काटा खाली येईना. उलट रोज थोडा वर." मी आकडा विचारतो. चारशे होता, मग नऊशे, मग दीड हजार.

बायको भावाकडे जाऊन आली. म्हणाली, "त्याला दोन्हीकडून कोणी ओढतंय असं वाटतं. डॉक्टर म्हणतात मनगट चांगलं, कोपर चांगलं. तो म्हणतो, तिथे नाही दुखत, बोटभर शेजारी दुखतं." आणि डोळे पुसले. मी पाणी प्यायलो.

आज फोन आला तेव्हा ती समोरच बसली होती.

"किती?" मी विचारलं.

"सतराशे तीस." मग तो जरा थांबला. "काका, तुमच्या अगदी जवळ कोण बोलतंय?"

घरात आम्ही दोघंच. आणि बायको गप्प होती.