चौथी सुई

शनिवार, दहा जानेवारी. दुपारचे पावणेचार. हातखंब्यापासून चार किलोमीटर आत, सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, एका होमस्टेची ओसरी. सकाळपासून वीज नव्हती. ओसरीवर तीन बायका, एक शिवून झालेलं दुपटं, आणि सुया मोजायचं काम.

एवढंच होतं. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं.

बाळाचं दुपटं असलं की सुया मोजल्याशिवाय त्याची घडी घालायची नाही, हा बकुळाचा नियम. सकाळी सुयांत दोरा ओवायचा आणि शेवटी त्या मोजून उशीत टोचायच्या, हे नऊ वर्षं तिचंच काम.

"एक, दोन, तीन." ती थांबली. परत मोजल्या. "सकाळी चार ओवल्या होत्या मी. चौथी कुणाकडे हाय?"

तुळसाने पदर चाचपला. नम्रताने ओठाशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. दुपटं तिच्या मुलीच्या बाळासाठी होतं. ज्ञानेश्वरीला आठवा महिना सरत आला होता, आणि याआधी दोनदा पाचव्यातच सगळं संपलं होतं. या खेपेला नम्रता कॅलेंडरावर दिवस खोडत होती, तेही कुणाला न दाखवता. आणि आता त्या दुपट्यात कुठेतरी एक सुई.

"घाबरू नको," तुळसा म्हणाली. "सापडेल."

तुळसा तेहतीस वर्षं सरकारी नर्स होती. घाबरू नका म्हणण्याची तिला सवय होती, आणि चुकीच्या कागदावर सही न करण्याचीही. या दुसऱ्या सवयीपायी तिच्या अकरा बदल्या झाल्या. त्यातल्या एका बदलीत ती नाटे या बंदराच्या गावी गेली आणि तिथे तिला या मैत्रिणी मिळाल्या. नम्रता तिथे शाळेत इंग्रजी शिकवायची, बकुळा अंगणवाडीत होती, आणि येसूबाई तोंडात मशेरी धरून बंदरावर मासळी विकायची. पुढे बकुळा नवऱ्यामागे पोफळीच्या कॉलनीत गेली, तुळसाने रत्नागिरीत घर केलं. पण दर जानेवारीत तीन दिवस चौघींनी कुठेतरी जमायचं, जुन्या साड्या आणायच्या, गोधड्या शिवायच्या, पोटभर जेवायचं आणि घरच्यांविषयी पोटभर बोलायचं, हे काही सुटलं नाही.

यंदाच्या होमस्टेची मालकीण हेतल हौशी. तिने दारातल्या फळ्यावर रंगीत खडूने लिहून ठेवलं होतं, 'गोधडी रिट्रीट'.

"रिट्रीट म्हणजे माघार, गो," नम्रताने अर्थ सांगितला.

"माघार?" बकुळा म्हणाली. "सासू जिवंत असताना घेतली नाय, आता कशाला घेऊ?"

तीन दिवस असेच हसण्यात चालले होते. मोहोराचा वास, कुळथाचं पिठलं, सुईच्या वरखाली चालीत गप्पा. फक्त यंदा चौथी नव्हती. येसूबाई जुलैत गेली.

तिच्या छातीत कळ आली तेव्हा वादळ नव्हतं, रस्ता बंद नव्हता. सकाळचे दहा वाजले होते. सरकारी अँब्युलन्सच्या गाडीसाठी फोन केला. गाडी बारा पन्नासला आली. कागदावर मात्र ती पस्तीस मिनिटांत आली. तुळसाने माहितीच्या अधिकारात दोन अर्ज केले, दोन्हींना एकच उत्तर आलं: सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही. तिने ती उत्तरं फाडली नाहीत. फाइलला लावली. मेलेल्या बाईचे सव्वादोन तास कुणीतरी खाल्ले होते, आणि खाणाऱ्याचं नाव मिळेपर्यंत ती फाइल मिटणार नव्हती.

येसूबाईने ज्ञानेश्वरीच्या लग्नातच बजावलं होतं, "हिच्या पोराचं दुपटं मी शिवणार. तुम्ही नुसत्या बसा नि बघा." ते आठवून तिच्या नवऱ्याने, दाजींनी, तिची एक हिरवी सुती साडी धाडली होती. दुपट्याचा आतला थर त्या साडीचा होता. दोराही त्याच हिरव्याचा आणला होता.

आता त्या थरांवरून तिघींची बोटं फिरत होती. बोटाच्या पेराएवढी जागासुद्धा सोडली नाही. हेतलने फ्रिजवरचं चुंबक आणून दिलं, तेही फिरवलं. सुई लागेना.

"थांबा जरा," तुळसा एकदम म्हणाली. "बकुळा, चार कशाला ओवल्यास? आपण तिघी आहोत."

बकुळाचा हात दुपट्यावर थबकला.

"सवय, गो…" ती हळूच म्हणाली. "माझ्या लक्षातच नाय आलं."

नम्रताने डोळे पुसले आणि ती हसली. म्हणजे चौथी सुई कुणी हातात घेतलीच नव्हती. उशीतून पडली असेल, ओसरीच्या फटीत गेली असेल. दुपट्यात जायचं कारणच नाही. तिने घडी घालायला दुपट्याचं टोक उचललं, तर त्यावर टाके दिसले.

"ही भिंतीकडची बाजू कुणी केली?"

सकाळी तिघी तीन बाजूंना बसल्या होत्या. आपापल्या बाजूने धावदोरा घालत मधोमध यायचं, अशी त्यांची रीत. जेवणाआधी तीन बाजू झाल्या, भिंतीकडची राहिली. ती चार वाजता करू म्हणून तिघी आडव्या झाल्या होत्या.

"तूच ना?" बकुळा म्हणाली. "मी उठले तेव्हा झालेली होती. मला वाटलं, तू."

"मी बागेत होते. ज्ञानूचा फोन आला होता. मला वाटलं, तुळसाने केली."

"मी सगळ्यांच्या शेवटी उठले," तुळसा म्हणाली.

मग तिला ते आठवलं. झोपेत तिला दोरा ओढल्याचा आवाज आला होता. सुई आत जाते, थांबते, आणि मग दोरा कापडातून सूंऽऽ करत वर येतो, तो आवाज. डोळे न उघडताच तिला वाटलं होतं, नम्रता बसली वाटतं कामाला. किती बरं वाटलं होतं. आपण निजलोय आणि कुणीतरी आपल्यासाठी शिवतंय. आणि एक वास. जळक्या तंबाखूचा, भाजलेल्या मशेरीचा. तिघींपैकी मशेरी कुणी लावत नव्हतं. हेतलच्या घरात तर तिचं नावही नव्हतं.

तिने दुपटं उजेडाकडे धरून टाके बघितले.

बाईचा टाका म्हणजे तिचं अक्षर. बकुळाचा ठसठशीत, नम्रताचा एकसारखा, तुळसाचा घाईचा. भिंतीकडच्या बाजूला दोन बारीक टाके आणि एक लांब, परत दोन बारीक, एक लांब. उजव्या अंगठ्याचं टोक कोयतीने उडालेलं असलं की सुई तिसऱ्या टाक्याला निसटते. नऊ वर्षं तिघींनी येसूबाईच्या त्या टाक्याची थट्टा केली होती. आणि शेवटी दोरा कात्रीने कापलेला नव्हता. दातांनी तोडलेला होता.

"उसवूया?" नम्रताने विचारलं. "माझ्या ज्ञानूच्या बाळाच्या अंगावर हे…"

बकुळाने त्या टाक्यांवरून हात फिरवला, भाजलेल्या जागेवरून फिरवावा तसा. "तिने सांगितलं होतं," ती म्हणाली. "सांगून शिवलंय. चोरून नाय."

"आधी सुई नाही ना, ते बघू," तुळसा म्हणाली. "उसवायचं की नाही, ते मग."

सोमवारी ती दुपटं घेऊन रत्नागिरीत ओळखीच्या एक्स-रेवाल्याकडे गेली. रूपेश तिच्या हाताखाली शिकलेला.

"सिस्टर, पेशंटचं नाव काय लिहू?"

"दुपटं."

"वय?"

"दोन दिवस. मुकाट्याने काढ."

फोटोत काही आलं नाही. सुई नव्हती. तुळसाने तसं नम्रताला कळवलं, आणि नम्रता म्हणाली, "मग राहू दे. नाही उसवत." एक गोष्ट मिटली, असं तिघींनाही वाटलं.

गुरुवारी सकाळी दाजींचा फोन आला. दाजी येसूबाईचे नवरे, जन्म होडीवर गेलेला माणूस. डिसेंबरपासून मुलाकडे मुंबईला होते, आदल्या संध्याकाळी नाट्याला परतले होते.

"नर्सबाई, घरात येऊन गेलात ते बरं केलंत. पण सुई अशी कोण ठेवतंय? कॅलेंडराला हात लावला नि बोटात घुसली."

तुळसाने विचारलं, "कसली सुई, दाजी?"

"शिवायची. हिरवा दोरा हाय तिच्यात. येसू टोचून ठेवायची ना कॅलेंडरात, तशीच. मी परत तिथेच ठेवलीय."

"तिथेच म्हणजे… कुठे?"

दाजी उठून बघून आले. "चोवीस तारखेवर. ह्याच महिन्याच्या."

ज्ञानेश्वरी बाळंतपणाला नाट्यालाच, नम्रताकडे होती, आणि डॉक्टरांनी वीस फेब्रुवारी सांगितली होती. तुळसाने फोन ठेवला. तिने आयुष्यभर अंगारे-धुपारेवाल्यांना वॉर्डाबाहेर काढलं होतं. पण नाट्यापासून रत्नागिरीपर्यंत किती वेळ लागतो ते तिला माहीत होतं, आणि गाडी न आल्यास किती लागतो तेही. विश्वास बसण्या-न बसण्याचा प्रश्नच नव्हता. हिशेब साधा होता. पोरीला इकडे आणली आणि काही झालं नाही, तर चार दिवस पाहुणचार.

तिने नम्रताला सुईचं सांगितलं नाही. "रक्त तपासून घेऊ, माझ्याकडे धाडून दे," एवढंच म्हणाली. तेवीस तारखेला नम्रता मुलीला घेऊन आली. सोबत दुपटं होतंच. रात्री तिघींनी सुरमई खाल्ली. ज्ञानेश्वरी म्हणाली, "मावशी, तू एवढे लाड करायला लागलीस की मला भीती वाटते."

चोवीस तारखेला सकाळी दहाला नाश्त्याच्या टेबलाशी ती उठून उभी राहिली आणि तिने खाली बघितलं. फरशीवर रक्त होतं. दवाखाना बारा मिनिटांवर होता. तुळसाने गाडीची वाट बघितली नाही, शेजाऱ्याची रिक्षा काढायला लावली.

अकरा चाळीसला मुलगी झाली. वजन कमी, पण आवाज चांगला. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढता काढता विचारलं, "गाव कुठलं?" नम्रताने नाटे सांगितलं. "आज तिथे असता तर आई आणि लेक मला भेटल्या नसत्या," त्या म्हणाल्या. "दोघींपैकी कुणीच."

बाळाला दुपट्यात गुंडाळलं. तिची मूठ नेमकी दोन बारीक, एक लांब अशा टाक्यांवर पडली होती. नम्रताने तेव्हाच तुळसाकडून सुईचं सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "बरं झालं उसवलं नाही."

फेब्रुवारीत तुळसा आणि बकुळा पेढे घेऊन दाजींकडे गेल्या. दाजींनी आनंदाने दोन पेढे खाल्ले, तिसरा येसूबाईच्या फोटोपुढे ठेवला. माजघरात दुपारीही अंधार होता. भिंतीवर कॅलेंडर, अजून जानेवारीचंच पान, आणि चोवीसवर सुई. बकुळाने दोरा बोटांत धरला. तोच हिरवा. टोक दातांनी तोडलेलं.

"कॅलेंडर मात्र झकास आणलंत," दाजी म्हणाले. "दर वर्षी येसूच आणायची. मी यंदा आणलंच नाय, मनच झालं नाय."

बकुळाने तुळसाकडे बघितलं.

"दाजी," तुळसा म्हणाली, "आम्ही नाही आणलं."

"मग? मला वाटलं, तुम्ही शेजारून किल्ली घेतलीत…"

शेजारी विचारलं. किल्ली खुंटीवर होती आणि दाजी गेल्यापासून ती कुणी मागितली नव्हती.

तुळसाने सुई काढून डबीत ठेवली आणि कॅलेंडर दाराशी, उजेडात आणलं. पान उलटलं, मग पुढचं. सुई टोचलेली म्हणून सगळ्या पानांना आरपार भोकं पडलेली असतील, असं तिला वाटलं होतं. तसं नव्हतं. फेब्रुवारी कोरा. मार्च कोरा. एप्रिल, मे, जून, जुलै कोरे. ऑगस्टच्या पानातून उजेडाचा एक ठिपका तिच्या बोटावर पडला. बुधवार, एकोणीस तारीख.

"कुणाची तारीख गो ही?" बकुळाने विचारलं. मशेरीचा वास तुळसाला आला, तसा बकुळालाही आला असावा. कारण तिने पदर नाकाशी नेला आणि मग, जुन्या ओळखीने, खाली सोडला.

ते कॅलेंडर माजघरात कुणी टांगलं, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. तुळसाने घरी येऊन तिसरा अर्ज लिहिला. या वेळी जुलैची गाडी विचारली नाही. बुधवार, एकोणीस ऑगस्ट रोजी नाटे गावासाठीची गाडी सकाळपासून कुठे उभी असेल, एवढंच विचारलं. अर्ज पोचल्याची सही तिच्याकडे आहे. उत्तर आलेलं नाही.