न वाजलेला दांडा

पटो न पटो, हे घडलेलं आहे.

ज्यांच्या बाबतीत घडलं ते क्लेमंट वॉर्डल म्हणजे माझ्या सासूबाईंचे आजोबा. साल १९२७, नोव्हेंबरातला मंगळवार, इथेच इंग्लंडात, डर्बी शहरात. वेळ दुपारी तीनची. भुताखेतांची मुळीच नव्हे.

वॉर्डल आलिशान मोटारींच्या एका कारखान्यात तपासनीस होते. नवी गाडी फ्रान्सच्या रस्त्यांवर दहा हजार मैल पिदडायची, परत आणायची आणि पार सुटी करायची, अशी तिथली रीत. मग एकेक भाग धुऊन तारेला टांगायचा आणि हातोडीने वाजवायचा. खणखणीत वाजला तर धडधाकट. बद्द वाजला तर आत भेग.

त्या दिवशी सगळं झकास वाजत होतं.

ठण्ण...

ठण्ण...

मग आला स्टिअरिंगचा दांडा. वॉर्डलनी हातोडी मारली.

...

काहीच नाही.

"वा! काय वाजला!" शेजारचा म्हातारा फिटर जॉस म्हणाला.

वॉर्डलनी पुन्हा मारली. हाताला झिणझिण्या आल्या. आवाज नाही.

"जॉस, तुला ऐकू आलं?"

"बहिऱ्यालाही येईल, साहेब. कानातला मळ काढा जरा!"

त्यांनी दांड्याला रॉकेल लावून पुसलं आणि वर खडू फासला; भेग असती तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर उमटलं असतं. भेग नव्हती. दांडा उत्तम होता.

तिसऱ्यांदा मारली... आणि सगळा कारखानाच मुका झाला. यंत्रांचे पट्टे फिरत होते, जॉसचे ओठ हलत होते.

आवाज फक्त एक. अगदी कानाशी...

"आत्ता वाजवतोस होय रे, क्लेम?"

सिरिल हॅरप! चाचणीच्या गाड्या चालवणारा त्यांचा मित्र. मार्चमध्ये फ्रान्समध्ये असाच दांडा तुटून तो गाडीसकट दरीत कोसळून मेला होता. प्यायला असणार, असं कंपनीने ठरवलं. मेलेल्या माणसाची बदनामी झाली, बायकोचं पेन्शन बुडालं.

आणि वॉर्डल गप्प बसले.

कारण गाडी चाचणीला निघण्याआधीही दांडा वाजवून बघायचा असे, आणि सिरिलच्या गाडीचा त्यांनी वाजवलाच नव्हता. न वाजवता कागदावर 'उत्तम' लिहून सही ठोकली होती.

आता त्यांना स्वतःचीच किळस आली. अंगावरच्या कपड्यांनिशी ते सिरिलच्या घरी गेले. त्याच्या बायकोने, एडनाने, दार उघडलं.

"एडना, सिरिल प्यायला नव्हता. चूक माझी आहे. मी तो दांडा तपासलाच नाही."

ती दचकली नाही. तिने चहाची किटली ठेवली.

"ठाऊक आहे मला. सिरिलनेच सांगितलं. म्हणतो, क्लेमवर रागावू नकोस. शनिवार होता, फुटबॉलची मॅच चुकेल म्हणून बिचारा घाईत होता."

वॉर्डल गारठले. मॅचचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा.

"मी... मी उद्या साहेबांना लेखी देतो."

"द्या. पण तो रोज एकच विचारत असतो हो..."

"काय?"

"त्या दिवशी आपण जिंकलो का?"

वॉर्डलना मान वर करता येईना.

"हरलो," ते कसेबसे पुटपुटले.

आतल्या खोलीत कुणीतरी हळूच हसलं...

पत्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी दिलं. त्यांची नोकरी गेली, एडनाचं पेन्शन सुरू झालं. पण ते हसू त्यांच्या कानातून गेलं नाही. त्यात जराही राग नव्हता, आणि नेमकं तेच त्यांना मरेपर्यंत सोसलं नाही.