आयसीयूबाहेरचं क्रियापद

प्रेमाला भाषा लागत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी परळच्या हॉस्पिटलात आयसीयूबाहेर दिवस काढलेले नसावेत. तिथे बोलावंच लागतं. गप्प बसलं की आतली मशिनं ऐकू येतात.

भोईवाड्याचा सिद्धार्थ बेंचवर पुटपुटत होता. शेजारी गिरगावची देविका. त्याचे बाबा आत, तिची आई आत.

"कुठलं स्तोत्र? गुण येतो का?" तिने विचारलं.

"स्तोत्र नाही... इडो. शंभरेक वर्षांपूर्वी अख्ख्या जगासाठी बनवलेली भाषा."

"मग?"

"जगाने घेतली नाही."

"आणि तुम्ही घेतलीत?"

"या भाषेत मला अजून कोणी वाईट बातमी दिलेली नाही."

देविका हसली... आणि इथे हसल्याची लाज वाटून ओढणी सारखी करत बसली.

"आजचं क्रियापद वार्तार – वाट पाहणं," तो म्हणाला. "जर्मनमधून आलंय. तिथे राखण करणं, आजाऱ्याचं करणं, असाही अर्थ होता. इडोवाल्यांनी नुसतं वाट पाहणं घेतलं."

"म्हणजे पेशंट आत, आपण बाहेर. बरोबर आहे की!"

मग जो आधी येई, तो दुसऱ्यासाठी रुमाल टाकून जागा धरी. 'तुम्ही'चं 'तू' झालं. फोन नंबर मात्र घेतले नाहीत. नंबर घेतला की पेशंटचा मुक्काम वाढतो, असं त्या बेंचवर सगळेच मानत. दोघंही एमकॉम शिकलेली, पण ते मोडायचा धीर झाला नाही.

एका सकाळी त्याचे बाबा गेले. "तेरावा झाला की मी..." एवढं बोलला, आणि लिफ्टचं दार लागलं.

त्याच आठवड्यात देविकाची आई घरी आली. देविका मात्र ऑफिस सुटलं की बेंचवर येऊन रुमाल टाके. तो आलाच नाही, तर शोधणार कुठे? भोईवाडा, एवढाच पत्ता.

तो आला. मुंडन केलेला, गालफडं बसलेली.

"आई?"

"घरी. बरी आहे."

"मग तू इथे... कुणासाठी?"

"फिनेलच्या वासासाठी! बस ना रे."

तो बसला.

"इडो?" तिने हळूच विचारलं.

"सोडली. बाबा गेल्याचं त्या भाषेत स्वतःला सांगून पाहिलं, देविका... मराठीइतकंच लागलं."

तिने त्याचा हात हातात घेतला. "नंबर सांग," ती म्हणाली. "आता मुक्काम वाढला तरी चालेल."

तो सांगू लागला, तेवढ्यात वॉचमन आला. बेंच पेशंटच्या नातेवाइकांसाठी होता. पास दोघांकडेही नव्हता. त्याने दोघांनाही उठवलं.