शेजारची सीट

अप्पांनी गाडी विकायची ठरवली, ती काही गाडीवर राग होता म्हणून नव्हे. अंगात त्राणच उरलं नव्हतं. वर अंथरुणाला खिळलेली बायको आणि खाली उभी गाडी, दोघींचं करता करता जीव मेटाकुटीला आला होता. त्यातली एक जाऊ शकत होती, म्हणून ती जाणार होती.

गिऱ्हाईक जावयानेच शोधलं होतं. ते दुपारी येणार होतं. "अप्पा, नुसता एक हात फिरवा," जावई फोनवर म्हणाला होता. नुसता हात फिरवणं अप्पांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी आतल्या चटया भिंतीवर आपटल्या, फटींतली धूळ रंगाच्या जुन्या ब्रशने उकरली, टपापासून खाली शाम्पूचं पाणी फिरवलं. गाडी कोरडी झाल्यावर मेणाचा पातळ हात दिला. ते वाळून पांढुरकं झालं की मऊ फडक्याने उतरवायचं. प्रत्येक दारानंतर ते पायरीवर बसून दम खात होते.

काचा शेवटी. तोंड जवळ न्यायचं, 'हाऽ' करून वाफ सोडायची आणि डाग दिसला की पुसायचा, ही त्यांची पद्धत. ड्रायव्हरशेजारच्या सीटची काच, म्हणजे बायकोची कायमची जागा. तिथे त्यांनी वाफ सोडली, फडकं फिरवलं. वाफ जाईना.

ती आतून होती.

त्यांनी दार उघडून आतून पुसलं आणि दार लावलं. बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल तिथे बशीएवढी वाफ पुन्हा धरली. विरली, भरली. पुन्हा विरली, पुन्हा भरली.

"ओल राहिली असेल," अप्पा स्वतःशी पुटपुटले. त्यांनी सीटवर हात ठेवून पाहिला. सीट कोरडी होती आणि कोमट होती. गाडी तर सकाळपासून सावलीत उभी होती.

वरून हाक आली. अप्पा गुडघे धरत जिना चढले.

"पाय आखडलेत हो," बायको म्हणाली. "सीट जरा मागे घ्या ना."

"कसली सीट? पलंगावर आहेस तू."

"गुडघे टेकतायत पुढे."

पुढे पांघरुणाखेरीज काही नव्हतं. अप्पांनी तिचे पाय चोळले, उशी दिली. ती कण्हतच राहिली. शेवटी ते खाली गेले, कोणी बघत नाही ना याची खात्री करून घेतली आणि सीटखालचा दांडा ओढून सीट मागे सरकवली. आपलंही डोकं फिरायला लागलं, असं त्यांना वाटलं.

वर आले तेव्हा तिने पाय लांब केले होते. दुखण्यात पडल्यापासून जे पाय हलले नव्हते, ते.

"आता बरं वाटलं," ती म्हणाली.

अप्पांनी दाढीचा आरसा आणून तिच्या तोंडाशी धरला.

"हे काय करताय?" तिने विचारलं.

ती बोलत होती आणि आरसा स्वच्छ होता.

खाली हॉर्न वाजला. गिऱ्हाईक आलं होतं, चांगला घरंदाज माणूस. गाडी पाहून खूश झाला. गाडी द्यायची नाही, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मग पुन्हा तेच पाणी, तेच जिने, तीच रात्रभरची हाक. अप्पा फार दमले होते. बिचारीला तेवढंच बाहेर पडायला मिळेल, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची त्यांना लाज वाटली.

"शेजारच्या सीटवर सामान ठेवू नका," ते म्हणाले.

"नाही ठेवणार."

"लांब जायचंय?"

"खूप लांब."

अप्पांनी किल्ली दिली.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ते उभे राहिले. तोच वरून भांडं पडल्याचा आवाज आला. ते जिना चढले.

पाण्याचा पेला खाली पडला होता. बायको पलंगावर एका अंगाला कलली होती, वळणावर माणूस कलतो तशी. मग हळूहळू सरळ झाली.

"अहो," तिने डोळे न उघडता विचारलं, "तुम्ही नाही आलात?"

खोलीची खिडकी बंद होती. पंखाही बंद होता. तिच्या कपाळावरचे पांढरे केस मागे उडत होते, आणि वेग वाढत होता.